आजीला दिसलं, नातीला दुखलं



गेल्या रविवारी आमच्या इंदूरच्या घरी सकाळचे पोहे-जिलेबी उरकले आणि लेकीनं तिचा व्हीआर हेडसेट बाहेर काढला. ती ॲनिमेशन शिकते. या सहामाहीच्या प्रकल्पासाठी तिनं एक बाग तयार केली आहे. हेडसेट डोळ्यांवर चढवला की आपण बागेत उभे असतो. थोड्या वेळानं एक फुलपाखरू येतं आणि अगदी नाकासमोरच्या फुलावर बसतं. त्याच्या पंखांवरची नक्षी निवांत बघायची, एवढाच खेळ.

पहिला मान आजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. वय ७८. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. लांबचं छान दिसतं, पण पेपर वाचायचा तर आधी चाळिशी शोधण्यापासून सुरुवात. ती काढून ठेवूनच त्यांनी हेडसेट घातला. पाच मिनिटांत म्हणाल्या, "अगं, पंखावरचे ठिपके मोजता येतायत मला! चाळिशीशिवाय इतकं जवळचं कधी दिसलं होतं?" वीस मिनिटं झाली तरी हेडसेट काढेनात.

मग लेकीची पाळी. वय २०, चष्मा नाही. दहा मिनिटांत हेडसेट उतरवून कपाळ दाबत बसली. हे गेले दोन महिने चाललं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून झालं. नंबर नाही, डोळे निरोगी. रात्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, हे क्षेत्र माझ्यासाठी नाही बहुतेक. बाकीचे तास तास काम करतात. सर म्हणाले, सवय होईल, नाही झाली तर दुसरा विषय घे."

अठ्ठ्याहत्तरीच्या डोळ्यांना जे सोसतं, ते विशीच्या डोळ्यांना का सोसू नये? या प्रश्नानं मला आठवडाभर झोपू दिलं नाही. जे सापडलं, ते आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्यापैकीही कोणी हेडसेट घालून डोकं धरून बसत असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

आधी एक प्रयोग करा. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि त्याच्याकडे बघा. आता हळूहळू तो नाकाजवळ आणा. डोळ्यांवर ताण जाणवतो ना? इथे दोन कामं एकाच वेळी घडतात. एक, दोन्ही बुबुळं आत, नाकाच्या दिशेनं वळतात. दोन, डोळ्यातलं भिंग त्याच्याभोवतीच्या स्नायूमुळे अधिक फुगीर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. लांब खिडकीबाहेर बघितलं की दोन्ही कामं उलट होतात. ही जोडी म्हणजे एका जुवाला जुंपलेले दोन बैल. एक निघाला की दुसरा आपोआप निघतो, आपल्याला सांगावं लागत नाही.

हेडसेटमध्ये ही जोडी फुटते. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवरच असतो, पण त्याच्यापुढच्या भिंगांमुळे तो साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखा डोळ्याला भासतो. हे अंतर कायम, बदलत नाही. खोलीचा भास निर्माण होतो तो दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवून. ही युक्ती जुनी आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी आपला स्टिरिओस्कोप १८३८ मध्येच जगापुढे ठेवला होता. आणि गोम तेव्हापासूनच आहे. फुलपाखरू नाकासमोर आलं की बुबुळं म्हणतात, "जवळ आहे, आत वळा." भिंगानं मात्र त्यांच्याबरोबर जवळचा फोकस धरला, तर चित्र धूसर होतं, कारण प्रत्यक्ष प्रकाश येतोय तो मीटर-दोन मीटरवरून आल्यासारखा. म्हणजे एका बैलाला पुढे हाकायचं आणि दुसऱ्याला जागीच दाबून धरायचं. मेंदू हे करू शकतो, पण थकतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगातून दाखवलं की ही दोन अंतरं जुळत नसली, तर चित्र नीट उमगायला वेळ जास्त लागतो आणि डोळेही अधिक थकतात.

आता आजीचं कोडं बघा. भिंगाची ही लवचीकता वयाबरोबर कमी होते. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षरही स्पष्ट दिसू शकतं. चाळिशीत तेच अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर जातं आणि पुढे वाढतच राहतं. म्हणून तर आपल्या भाषेत त्या वयाचं आणि त्या चष्म्याचं नाव एकच! आजीच्या डोळ्यात तर शस्त्रक्रियेत बसवलेलं कृत्रिम भिंग आहे, लांबच्या अंतरासाठी ठरवलेलं. ते फुगत नाही की चपटं होत नाही. त्यांचा दुसरा बैल केव्हाच निवृत्त होऊन गोठ्यात बसला आहे, त्यामुळे जुवावर ओढाताणच नाही. शिवाय हेडसेटचं चित्र त्यांना चांगलं दिसणाऱ्या अंतरावर. म्हणून ठिपके चाळिशीविना मोजता आले.

आणि लेकीला त्रास झाला, तो डोळे कमजोर आहेत म्हणून नव्हे. तिच्या डोळ्यातलं भिंग आपलं काम चोख करायला बघतंय आणि यंत्र त्याला ते करू देत नाही.

मग यंत्रानंच डोळ्याचं ऐकावं, अशी सोय नाही का? शास्त्रज्ञ तिच्याच मागे आहेत. एक मार्ग असा: हेडसेटमध्ये छोटे कॅमेरे ठेवायचे, नजर कुठे आहे ते टिपायचं आणि त्या क्षणी भिंगाचा आकार बदलून किंवा पडदा पुढे-मागे सरकवून चित्राचं अंतर नजरेशी जुळवायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गॉर्डन वेट्झस्टाइन यांच्या गटानं २०१७ मध्ये असे नमुने मांडले आणि २१ ते ७६ वयाच्या १७३ जणांवर आजमावून पाहिले. वयाची ही कक्षा मला फार महत्त्वाची वाटली. तरुण डोळ्याला हलता फोकस हवा, तर आजीसारख्या डोळ्याला एका जागी स्थिर असलेलाच बरा. ज्याला नंबर आहे, त्याचा नंबरही यंत्रातच जुळवता येतो. २०१८ मध्ये फेसबुकनंही पडदा मागे-पुढे सरकणारा 'हाफ डोम' हा नमुना दाखवला. त्याच वर्षी आलेल्या 'मॅजिक लीप वन'मध्ये वेगळी वाट होती: चित्रासाठी एकाऐवजी दोन अंतरं, एक जवळचं आणि एक लांबचं.

याच विद्येतून चष्माही निघतो आहे, बरं का! स्टॅनफर्डच्याच गटानं २०१९ मध्ये असा एक नमुना केला: नजर कुठे आहे आणि समोरची वस्तू किती लांब आहे हे ओळखून भिंगांचा फोकस आपोआप बदलणारा. गेल्या वर्षीच चाळिशी लागलेल्या माझ्यासारखीला हे वाचून जरा आशा वाटली. अर्थात तो चष्मा अजून चांगलाच अवजड आहे, आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या हेडसेटमध्येही फोकसचं अंतर कायमच असतं.

तोवर काय करायचं? हे सगळं मी लेकीला कागदावर बैलजोडी काढून समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "म्हणजे चूक माझ्या डोळ्यांची नाही, माझ्या फुलाची आहे!"

तिनं फूल नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर ठेवलं होतं. ते तिनं उचलून मीटरभर लांब नेलं, आणि नक्षी नीट दिसावी म्हणून फुलपाखरू मोठं केलं. जवळून उडत जाण्याचा प्रसंग ठेवला, पण क्षणभराचाच. प्रत्येक वीस मिनिटांनी हेडसेट काढून गच्चीवरून लांबची झाडं बघायची, असा नियमही केला. परवा ती पाऊण तास काम करून उठली आणि कपाळ न दाबता थेट स्वयंपाकघरात येऊन शेव मागू लागली. हा आमच्या घरातला एक अनुभव. तुमची डोकेदुखी वेगळ्या कारणाची असू शकते: न कळलेला नंबर असेल, किंवा चित्र हलतं आणि शरीर स्थिर राहतं त्यानं येणारी मळमळ असेल. तेव्हा आधी डोळे तपासून घ्याच. लहान भावंडांच्या हाती हेडसेट देण्याआधी त्यावरची वयाची सूचनाही वाचा.

विषय बदलण्याचा अर्ज लेकीनं भरला नाही. उलट प्रकल्पाच्या वहीत तिनं एक नवं पान जोडलं आहे: 'बघणाऱ्याचं वय काय?' वर्गात तिच्याशिवाय आणखी तिघांना हाच त्रास होत होता, आणि तिघंही लाजेनं गप्प होते, हे तिला त्या पानामुळेच कळलं.

आजी मात्र नाराज आहेत. "फुलपाखरू लांब का नेलंस? मला तिथेच छान दिसत होतं," अशी त्यांची रोजची कुरकुर. शेवटी नातीनं त्यांच्यासाठी जुनी बाग वेगळी ठेवली आहे, नाकासमोरच्या फुलासकट.