दुसरी गोळी

गेल्या महिन्यांत सहकुटुंब नंदुरबारास जाणें झालें. चौकांतील हुतात्मा स्मारकापाशीं आमच्या धाकट्या पुतण्यानें विचारलें, "काका, गोळी चुकून लागली असेल का हो?" ९ सप्टेंबर १९४२ रोजीं मिरवणुकीवर पोलिसांनीं केलेल्या गोळीबारांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पांच जण येथें गेले. शिरीषकुमारास तेव्हां सोळावें वर्ष होतें. आमच्या घरांतून तलवारीच्या गोष्टी पुष्कळ होतात. बंदूक कशी चालते हें मुलांस कोणी सांगत नाहीं. म्हणून या वेळीं तेंच लिहितों.

त्या काळीं हिंदुस्थानांतील फौजेची नेहमींची बंदूक म्हणजे ली-एन्फील्ड, लोकांच्या तोंडची थ्री-नॉट-थ्री. कलकत्त्याजवळ ईशापूरच्या कारखान्यांतही ती घडे. तिच्या मॅगझिनमध्यें दहा काडतुसें मावतात. पांच-पांचांच्या पट्ट्या वरून अंगठ्यानें दाबून तें भरावयाचें. काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढें बसली पाहिजे. मागें राहिली तर दोन्हीं एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळीं बोल्ट पुढें सरकत नाहीं. पोलिसांस पुष्कळदां याच बंदुकीचें एकेरी रूप देत. त्यांत मॅगझिनची जागा लांकडानें बुजविलेली असे आणि दर वेळीं एकच काडतूस हातानें घालावें लागे.

नेम धरतांना पुढची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मध्यें यावी व तिचा माथा खाचेच्या कांठाशीं समपातळींत असावा. मागची पट्टी अंतराप्रमाणें वर उचलतात. फौजी बंदुकीवर तिचे आंकडे २०० वारांपासून २,००० वारांपर्यंत असतात. चौकाच्या रुंदीपुरता आंकडा तिच्यावर नाहींच! इतक्या जवळून गोळी नेमाहून किंचित् वर जाते एवढेंच. समोरच्याचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो.

एक गोळी सुटली कीं ही बंदूक मुकी होते. बोल्टची मूठ उचलून मागें ओढावी, म्हणजे रिकामें टरफल बाहेर पडतें. मग पुढें ढकलून खालीं दाबावी, पुन्हां नेम, पुन्हां चाप. कसलेला शिपाई मिनिटांत पंधरा बार काढी. परंतु दर बारास त्याला हात हलवावाच लागे.

पुतण्यास आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं पहिली गोळी एखादे वेळीं भेदरलेल्या हातूनही सुटेल. दुसरीसाठीं मूठ उचलावी लागते. त्यानें मग पांचही नांवें मोठ्यानें वाचलीं.