वाचनाची थकबाकी

आमच्या बँकेच्या धंद्यात पूर्वी एक गंमत होती. कर्ज बुडालेले असे, कर्जदार परागंदा झालेला असे, तरी त्याच्या खात्यावर व्याज चढत राही आणि ते उत्पन्न म्हणून दाखवले जाई. १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनुत्पादक कर्जांचे नियम घालून दिले आणि ही सोय हळूहळू गेली. ताळेबंद काळवंडले, पण खरे झाले.

जिल्हा परिषदेच्या शाळांची प्रगतिपत्रके पाहताना मला ते जुने ताळेबंद आठवतात. श्रेण्या उत्तम, हजेरी भरपूर. विचारायचे एवढेच, की तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो का? ‘असर’ ही पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरी जाऊन मुलांना वाचायला लावते. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीची असा उतारा वाचणारी मुले २०१८ मध्ये शेकडा २०.९ होती. करोनानंतर, २०२२ मध्ये, ती १६.३ झाली आणि २०२४ मध्ये २३.४. पडझड भरून निघाली, वर थोडी भरही पडली. याचे श्रेय शिक्षकांना मोकळेपणाने द्यायला हवे. तरीही चारांतली तीन मुले अडखळतातच.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांत मुले गटागटाने जमिनीवर बसून, वस्तू हाताळत शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. मग गावोगाव फरशा रंगल्या, आयएसओ मानांकनाच्या पाट्या लागल्या. फरशी आठवड्यात रंगते. अडलेल्या मुलाशेजारी बसायला वर्ष लागते, आणि गुरुजींचे वर्ष तर निवडणूक, गणना आणि माहितीचे तक्ते भरण्यातच जाते.

भडगावात, गिरणाकाठी, आणखी एक अडचण आहे. पहिलीत येणारे पोर घरून ‘माले’, ‘तुले’, ‘अठे’ घेऊन येते. पुस्तकात ‘मला’, ‘तुला’, ‘इथे’ असते. ‘नीट बोल’ असे दोनदा ऐकले की ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला वाचायला शिकवणार कसे? फळ्यावर ‘अठे’ लिहून शेजारी ‘इथे’ लिहिणाऱ्या बाईंच्या वर्गात तेच पोर बोलू लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंच्या लेवा बोलीचा आपल्याला केवढा अभिमान! २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. पहिलीच्या पोराच्या अहिराणीला मात्र वर्गात जागा नाही. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच लिहिलेले आहे.

ज्यांना परवडते त्यांची मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जातात. मागे उरतात ती बहुतेक सालदारांची, मजुरांची. त्यांना दुसरी शाळा नाही. पण त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत रंगाचा आणि कुंपणाचा विषय थोडा बाजूला ठेवून त्यांनी एकेका मुलाला उभे करून, न ओरडता, एक उतारा वाचायला सांगावा. सालदाराला स्वतःला अक्षर येत नसले, तरी आपला आंडोर कुठे अडखळला हे त्याला कानाने कळते.