नवले पूल : तीस दिवसांत स्थानिक वाहतूक वेगळी करा, नाहीतर रास्ता रोको

महामार्गाचे अधिकारी, महापालिका आणि वाहतूक पोलिस यांना पुण्याच्या नऱ्हे, आंबेगाव, वडगाव, धायरी परिसरातील रहिवाशांचा हा जाहीर इशारा आहे.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका मालवाहू वाहनाने ४८ गाड्या ठोकरल्या. पाहणी दौरे झाले, आश्वासने मिळाली. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर कंटेनरने पुन्हा गाड्या चिरडल्या, आगीचा डोंब उसळला आणि ८ जणांचा जीव गेला. दोन्ही वेळा चालकाकडे बोट दाखवले गेले. आम्हाला हे मान्य नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला ट्रेलर पुलापर्यंत उतारावरच असतो. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रल करतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. नेमक्या त्याच लेनमध्ये मुलाला मागे बसवून क्लासला निघालेली आई स्कूटरवर असते. ती हौसेने तिथे येत नाही. सेवा रस्त्याचे डांबर मध्येच संपते, पुढे खडी, त्यापुढे भूसंपादनात अडकलेली जागा. मग तिने जायचे कुठून?

महामार्गाचे हे बाह्यवळण शहराबाहेरून जाणाऱ्या गाड्यांसाठी होते. त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींना परवानग्या कोणी दिल्या? मिळकतकर कोण घेते? घर गाठायला राष्ट्रीय महामार्गाशिवाय वाट ठेवली नाही, ही चूक तुमची आहे. वेगमर्यादा, कॅमेरे, रंबलर हवेतच. पण बेंगळुरूचा ट्रेलर आणि भाजी आणायला निघालेली दुचाकी एकाच लेनमध्ये धावत आहेत, तोवर माणसे मरत राहतील.

तीस दिवसांत बोगद्यापासून वारज्यापर्यंतच्या दोन्ही बाजूंच्या सलग सेवा रस्त्यांचे वेळापत्रक तारखांसह लेखी द्या. अडलेल्या प्रत्येक जागेचा निकाल कधी लागणार, ते त्यात हवे. जिथे सेवा रस्ता तयार आहे, तिथे महामार्गावर घुसायच्या फटी त्याच मुदतीत बंद करा. उलट दिशेने गाडी हाकणाऱ्या आमच्यातल्यांवरही खुशाल गुन्हे दाखल करा. आम्ही त्यांच्यासाठी शब्द टाकणार नाही.

नुसते आश्वासन घेऊन येणाऱ्याशी चर्चा होणार नाही. हे झाले नाही, तर एकतिसाव्या दिवशी सकाळी आम्ही कुटुंबांसह नवले पुलावर शांततेने बसू. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या सोडल्या जातील, बाकी एकही वाहन पुढे जाणार नाही.