मिजाज पाहून सोबती

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोंढव्याला आपांकडे जेवायला गेलो, तर भाचा वही घेऊनच बसला होता. दहावी झाली, तीन वर्षांची ईदी साठली आणि घरातली जुनी चार फुटी काचेची टाकी रिकामी पडून. वहीत यादी होती: एक लायनफिश, एक क्लाऊन ट्रिगर, एक मोरे ईल, सहा निळे डॅमसेल.

"मामू, खाऱ्या पाण्यातले हे सगळे दणकट मासे आहेत. एकमेकांना पुरून उरतील ना?"

आपा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तू मास्तर आहेस, तूच सांग त्याला. आमचं कोण ऐकतो!"

वाचकहो, सांगण्याइतका अनुभव आमच्या गाठीशी होता, तोही नुकसानीचा. दहाएक वर्षांपूर्वी आम्ही स्वस्त आणि काटक म्हणून आधी तीन डॅमसेल आणले. महिन्याने एक संथ, सुंदर मासा आणला. तोवर त्या बोटाएवढ्या तिघांनी टाकीची वाटणी करून टाकली होती. नव्या पाहुण्याला त्यांनी कोपऱ्यात दाबले, त्याचे पर कुरतडले आणि आठव्या दिवशी तो गेला. भांडखोरपणा आकारावर नसतो आणि जो आधी येतो तो मालक होतो, हे तेव्हा कळले.

म्हणून भाच्याला चार प्रश्न लिहून दिले.

पहिला, कोणाच्या तोंडात कोण मावतो? लायनफिश भांडत नाही, गिळतो. सहा डॅमसेल म्हणजे त्याचे सहा नाश्ते. गोबरा घराण्यातल्या माशांचेही तसेच.

दुसरा, मिजाज जुळतो का? लायनफिश संथ, लांब झालरींचा. ट्रिगरला दिसेल त्याला चावून पाहायची खोड. हे दोघे एका टाकीत म्हणजे झालरींची लक्तरे ठरलेली. दोन ट्रिगर एकत्र, तर त्याहून वाईट. एकाच घराण्यातले, एकाच अंगलटीचे दोन मासे एकमेकांना वैरी समजतात. म्हणून भांडखोर टाकीत प्रत्येक घराण्यातला एकच.

तिसरा, जागा किती? चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण २५५ लिटर पाणी मावते. मोठा लायनफिश ३८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि टाकीची रुंदी आहे ४५. त्याने वळायचे कसे? क्लाऊन ट्रिगर तर ५० सेंटिमीटरपर्यंत जातो. दुकानातला मासा लहान असतो, म्हणून फसगत होते.

चौथा, आधी कोण, नंतर कोण? सगळ्यात गरीब आधी, सगळ्यात तापट शेवटी. नवा मासा सोडताना खडकांची मांडणी बदलावी आणि दिवा बंद ठेवावा. जुन्यांच्या हद्दी मोडल्या की भांडण निम्मे होते.

भाचा हिशेब करत होता, पण लायनफिश सोडवत नव्हता. तेवढ्यात त्याची चार वर्षांची बहीण स्टुलावर चढून टाकीत हात घालू लागली. आम्ही बोट दाखवले. लायनफिशच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पाणी किती गरम आहे ते मोठ्या माणसाने आपल्या हाताने पाहावे, नाहीतर काटा निघून भाजणे मागे राहते. भाच्याने बहिणीला खाली उतरवले आणि यादीतल्या पहिल्या नावावर स्वतःच काट मारली.

पुण्याची अडचण वेगळी. समुद्र घाटाखाली, तेव्हा पाणी घरीच करायचे. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ. जेवणातले मीठ चालत नाही. म्हणजे या टाकीला जवळपास नऊ किलो. पाणी २५ ते २७ अंश राहायला हवे आणि इथला एप्रिल चाळिशी गाठतो. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. खायला कोळंबीचे, माकूळचे बारीक तुकडे पुरतात. जिवंत गोल्डफिश घालायची रीत माशाच्या तबीयतीलाही वाईट. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत.

आणखी एक. नको झालेला मासा नदीत किंवा समुद्रात सोडू नये. हाच लायनफिश अमेरिकेच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात, बहुधा लोकांच्या टाक्यांमधूनच, पोचला आणि आज तिथले लहान मासे फस्त करतो आहे. आपल्या उजनीच्या जलाशयातही टाक्यांतला सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यात येतो.

शेवटी वहीत दोनच नावे उरली. आधी स्नोफ्लेक मोरे ईल. तो वामसारखा लांब, खेकडे-कोळंबीचा शौकीन, बाकीच्यांच्या वाटेला सहसा न जाणारा. मात्र झाकणाला फट राहिली तर सकाळी फरशीवर सापडायचा. त्याच्यानंतर एक मरून क्लाऊन. लहान, तापट, एकटाच बरा. तिसरी ओळ भाच्याने कोरी ठेवली.

मग सहा आठवडे टाकीत नुसते खारे पाणी आणि खडक. घाण पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत मासा सोडायचा नसतो. शेजारी विचारत, "काय रे, पाणी पाळलंयस का?" भाचा दर शुक्रवारी अमोनिया तपासून आकडा आम्हाला कळवायचा. तो शून्यावर आला, नायट्राइटही शून्यावर आले, तेव्हा ईल आणला. झाकणावर त्याने दोन विटा ठेवल्या आहेत आणि स्टूल माळ्यावर गेले आहे.