जन्मभूमी जपान, कर्मभूमी भारत

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात पॅलेस्टाईनने भारताला ४-२ असे नमविले. क्रिकेटच्या गदारोळात या पराभवाची फारशी दखल कोणी घेतली नाही. त्या दिवशी भारताची जर्सी घालून मैदानात उतरलेल्या एका खेळाडूची दखल मात्र घ्यायलाच हवी होती. जपानमधील शिमोनोसेकी या सागरी शहरात १९८२ साली जन्मलेला आराता इझुमी त्या दिवशी प्रथमच भारताकडून खेळला. वडील गुजराती, आई जपानी. भारतीय नागरिकत्व स्वीकारताना त्याने नावही वडिलांच्या कुळाचे घेतले : नीलकंठ खंभोळजा.

आराता भारतात आला तो २००६ साली, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून खेळण्यासाठी. त्यानंतर त्याची कारकीर्द रुजली ती महाराष्ट्राच्या मातीत. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून तो खेळला आणि २००९ पासून पुणे एफसीच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ झाला. बालेवाडीच्या मैदानावर मोजक्या प्रेक्षकांसमोर चालणारा तो खेळ होता. ना दूरचित्रवाणीचा झगमगाट, ना लिलावातील कोटींची उड्डाणे. तरीही २०१२-१३च्या हंगामात पुणे एफसीने आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळविले. त्याच हंगामात, २०१२च्या अखेरीस, आराताने जपानी पारपत्राचा त्याग करून भारतीय नागरिकत्व पत्करले.

या त्यागाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. जपानचा नागरिकत्व कायदा स्पष्ट आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारा त्या क्षणी जपानी नागरिक उरत नाही. भारतही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम याबाबत संदिग्धतेला जागा ठेवत नाहीत. म्हणजे आरातापुढे दोन दगडांवर पाय ठेवण्याची सोय नव्हती. जगातील बहुतेक देशांची दारे सहज उघडणारे जपानी पारपत्र सोडून त्याने प्रत्येक व्हिसासाठी रांगेत उभे करणारे भारतीय पारपत्र हाती घेतले. वय तीस. फुटबॉलपटूच्या आयुष्यात तिशी म्हणजे उताराची सुरुवात. पुढे किती सामने मिळणार याची कोणतीच हमी नव्हती. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला दहाहून कमी आंतरराष्ट्रीय सामने आले.

लाभ-हानीच्या जमाखर्चात हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरतो. मग त्याने तो का केला? याचे उत्तर त्याच्या पुढील आयुष्यात सापडते. पुणे एफसीचा व्यावसायिक संघ २०१५ साली बंद पडला. आराता मात्र भारत सोडून गेला नाही. इंडियन सुपर लीगमध्ये कोलकाता, पुणे आणि केरळ येथील संघांकडून तो खेळला आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत भारतीय मुलांना फुटबॉलचे धडे देऊ लागला. कराराची मुदत संपल्यावर सामान आवरणारा पाहुणा तो नव्हता. आपल्याकडे जन्मभूमीइतकीच कर्मभूमीची थोरवी सांगितली जाते. शिमोनोसेकीच्या या मुलाने ती आचरणात आणली.

तीन वाटा

परदेशात जन्मलेले खेळाडू संघात घेण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. परंतु तिच्या वाटा एकसारख्या नाहीत.

पहिली वाट जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजेची. तो जन्माने पोलंडचा. बालपणीच कुटुंबासमवेत जर्मनीत आला, तेथेच भाषा शिकला, तेथील छोट्या संघांतून घडला आणि विश्वचषक स्पर्धांत १६ गोल करून विक्रमवीर झाला. येथे समाजाने त्याला आधी सामावून घेतले. राष्ट्रीय जर्सी त्यानंतर आली.

दुसरी वाट इंडोनेशियाची. नेदरलँड्समध्ये वाढलेल्या, परंतु इंडोनेशियन पूर्वजांचा वारसा असलेल्या खेळाडूंना नागरिकत्व देऊन त्या देशाने संघाची पुनर्बांधणी केली. २०२६च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेऱ्यांत हा संघ आशियातील चौथ्या फेरीपर्यंत पोहोचला. तेथे २०२५च्या ऑक्टोबरात सौदी अरेबिया आणि इराक यांच्याकडून हरला. प्रगती झाली, पण केवळ आयातीच्या बळावर शिखर गाठता येत नाही, हेही दिसले.

तिसरी वाट मलेशियाची, आणि ती लाजिरवाणी आहे. परदेशात जन्मलेल्या सात खेळाडूंच्या आजी-आजोबांच्या जन्मनोंदींत फेरफार केल्याच्या कारणावरून २०२५ साली फिफाने त्या देशाच्या फुटबॉल संघटनेवर आणि त्या खेळाडूंवर कारवाई केली. विजयाच्या घाईत वंशावळच बनावट ठरावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

भारताने काय करावे?

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. २०२५च्या ऑक्टोबरात मडगाव येथे सिंगापूरने भारताला हरविले आणि २०२७च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली. पाठोपाठ नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून पराभव झाला. जागतिक क्रमवारीत २०१७ साली ९६व्या स्थानी असलेला भारत १४२व्या स्थानापर्यंत घसरला. अशा वेळी परदेशस्थ भारतवंशीय खेळाडूंकडे लक्ष जाणे स्वाभाविकच आहे.

एक वर्ग म्हणतो, खेळाडूंपुरते दुहेरी नागरिकत्व मान्य करा. हे योग्य नव्हे. केवळ भारतीय नागरिकच देशाचे प्रतिनिधित्व करतील, हे धोरण केंद्र सरकारने २००८ साली स्वीकारले. त्यामुळे ब्रिटनचा भारतवंशीय खेळाडू मायकेल चोप्रा भारताच्या संघात येऊ शकला नाही, अशी हळहळ अनेकदा व्यक्त होते. परंतु सोय पाहून जोडलेले नाते सोय संपताच तुटते. ज्याला भारतासाठी खेळायचे आहे त्याने भारताचे व्हावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. आराताने ती पूर्ण करून दाखविली.

दुसरा वर्ग म्हणतो, बाहेरचा खेळाडू नकोच. आपल्या मुलांच्या जागा जातील. हेही तितकेच चूक आहे. जो सर्वस्वाने आपला झाला, त्याला बाहेरचा म्हणण्याचा अधिकार कोणाला? ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ साली तेथील नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले. त्याची आई मूळची मुंबईची आणि आजोबा १९५०च्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. आजोबांच्या भूमीकडे परतणाऱ्या अशा नातवाचे स्वागत मोकळ्या मनानेच व्हायला हवे.

मात्र स्वागत म्हणजे केवळ पुष्पगुच्छ नव्हे. पारपत्राचा त्याग करणाऱ्याला या देशात स्थिर स्पर्धा, टिकणारे संघ आणि निवृत्तीनंतरही सन्मानाचे काम मिळाले पाहिजे. महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाला, पुणे एफसी पाच वर्षांनी. ज्या दोन मराठी शहरांनी आराताला आपलेसे केले, तेथील त्याचे दोन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत. याचा दोष परकीय खेळाडूंवर टाकता येणार नाही. रिकामी प्रेक्षागृहे, शाळांतून हरवलेली मैदाने आणि क्रिकेटपलीकडे न पाहणारी आपली नजर यांचा तो परिणाम आहे. आपल्या वस्तीतील मुलांचा फुटबॉल सामना पाहायला आपल्यापैकी किती कुटुंबे जातात?

आराताने आपल्या वाटणीचे कर्तव्य केव्हाच पार पाडले आहे. त्याच्या हाताखाली घडणाऱ्या मुलांना खेळण्यासाठी मैदान आणि पाहण्यासाठी समाज लाभावा, ही जबाबदारी मात्र येथेच जन्मलेल्यांची आहे.