पात्यांचा गंज आणि पावसाळा

गळीत हंगाम आटोपला की कोल्हापूर जिल्ह्यात चर्चा रंगते ती उसाच्या अंतिम दराची. टर्बाइनच्या पात्यांची वास्तपुस्त त्या गदारोळात कोण करणार? वस्तुतः वारणानगर, शिरोळ, हुपरी येथील कारखाने आता केवळ साखर काढीत नाहीत. बगॅस जाळून वीज निर्माण करतात आणि ती विकतातही. हे उत्पन्न ऊस उत्पादकाच्या पदरात पडायचे, तर मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती धड राहिली पाहिजेत.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. त्याच कुळातील, सुमारे १२ टक्के क्रोमियमच्या पोलादाची पाती आजही सर्वत्र वापरली जातात. क्रोमियम प्राणवायूशी संयोग पावून धातूवर अदृश्य कवच धरते. मात्र क्लोराइडचे क्षार हे कवच भेदतात. वाफ जेथे प्रथम ओलसर होते, त्या अखेरच्या टप्प्यांत ते साचतात, बारीक खड्डे पाडतात आणि कंपनांमुळे त्या खड्ड्यांतूनच तडा जातो. मोठ्या वीजकेंद्रांत अशा जागी काही ठिकाणी टायटॅनियमची मिश्रधातू वापरतात. तिचे वजन पोलादाच्या जेमतेम साठ टक्के. टायटॅनियमचे खनिज घाटाखाली रत्नागिरीच्या वाळूतही आहे. त्यापासून धातू मिळवण्याचे स्वदेशी तंत्र हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केले आणि केरळात चवरा येथे २०११ मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. ही वाटचाल अभिमानास्पद खरीच.

तथापि साखर कारखान्याचे दुखणे महागड्या धातूने बरे होणारे नाही. उकळत्या रसाचा अंश परतीच्या पाण्यात मिसळला, तर बॉयलरमध्ये साखरेचे विघटन होऊन आम्ले तयार होतात. त्याहून घातक म्हणजे पावसाळा. क्षार चिकटलेली पाती चार-सहा महिने दमट हवेत निश्चल उभी राहतात. कित्येकदा यंत्र चालू असताना न पडलेले खड्डे ते बंद असताना पडतात! शिवाय नवी पाती घेताना सर्वांत कमी दराच्या निविदेचा मोह सुटत नाही. धातूच्या तपासणीचा दाखला संचालक मंडळाने मागितल्याचे क्वचितच ऐकिवात येते.

उद्यमनगरच्या कारागिरांनी हे काम अंगावर घ्यावे, असे कोणी म्हणेल. त्यांचे कसब वादातीत आहे. पण ओतीव बिडाची विद्या वेगळी आणि घडीव पोलादातून पाते कोरण्याची वेगळी. ती शिकण्यास वेळ लागेल. पाती धुऊन टर्बाइनमध्ये कोरडी हवा खेळवण्यास मात्र वेळ लागत नाही; ते काम मृगाच्या सरींपूर्वी उरकता येते.