शौकाची शिकार आणि शेतकऱ्याची जागल

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात वसलेल्या हिवरखेडच्या शिवारात आणि अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरांत एक साम्य आहे. दोन्हीकडे थंडीच्या दिवसांत माणसे डुकराच्या वाटेवर डोळे लावून बसतात. साम्य तेथेच संपते.

ॲरिझोनातील प्राण्याचे नाव हावेलिना. तो दिसायला डुकरासारखा असला तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या कुळातला, वीसेक किलो वजनाचा, फड्या निवडुंगावर जगणारा. जानेवारीत धनुर्धाऱ्यांचा हंगाम असतो. हौशी शिकारी त्याची तयारी महिनोन्महिने करतो. रोज बाणाचा सराव, डोंगर चढण्याची सवय, दुर्बीण, गरम कपडे आणि पैसे देऊन ठरवलेला वाटाड्या. प्राण्याची नजर अधू, पण नाक तिखट. म्हणून वाऱ्याची दिशा सांभाळत वीसतीस पावलांवर जावे लागते. परवाना विकत घ्यावा लागतो आणि बहुतेक भागांत शिकारीचा हक्क सोडतीने मिळतो. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील केंद्रीय कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवले आणि पुढे धनुष्यबाणाच्या साहित्यावरही असा कर बसला. बहुतेक वस्तूंवर तो ११ टक्के आहे आणि त्याचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाते. म्हणजे तेथे श्रीमंताचा शौक निदान आपल्या खर्चाचा काही भाग स्वतः उचलतो.

हिवरखेडच्या शेतकऱ्याचीही तयारी असते. विजेरी, काठी, फटाके, डबा बडवायला एक दांडका, अंगावर घोंगडी आणि मचाणावर रात्रभर जागल. हरभरा घाट्यावर आला, ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचा कळप उतरतो आणि खातो त्याहून अधिक तुडवतो. दिवसभर राबलेला माणूस रात्र जागून काढतो, सापाविंचवाचे भय सोसतो, आणि या श्रमाची मजुरी त्याला कोणीही देत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वन्यजीवांचे रक्षण हे सार्वजनिक हित आहे. त्याचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो, पण त्याची किंमत जंगलाकाठच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून वसूल केली जाते. कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा हा कर आहे, आणि तो सर्वांत गरिबावर सर्वांत जड बसतो.

यावर एक सोपा उपाय अधूनमधून सुचवला जातो: पैसे मोजणाऱ्या शौकिनांना शिकार खुली करा, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील. हा उपाय या देशाला नवा नाही. १९७२ पूर्वी मध्य भारताच्या जंगलांत शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना घेऊन हिंडत होत्या. त्यातून कंपन्यांना पैसा मिळाला. हाके घालणाऱ्या आदिवासीच्या हाती दिवसाची मजुरी तेवढी आली. शिवाय शौकीन आपल्या सोयीने येतो, डुक्कर पिकाच्या सोयीने. ज्याचा धंदा डुकरावर चालतो त्याला पुढच्या हंगामातही डुक्कर हवेच असते. शेतकऱ्याचे हित आणि या धंद्याचे हित एक होऊ शकत नाही.

डुक्कर समूळ नष्ट करा, ही मागणीही तितकीच अविचारी आहे. शेजारच्या मेळघाटात वाघ-बिबट्यांचे ते भक्ष्य आहे. जंगलात भक्ष्य उरले नाही तर वाघ गुरांकडे वळेल. कुंपणात चोरून वीज सोडण्याचा मार्ग तर घातक आहे. त्यात विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उभ्या पिकाला घातक ठरलेले रानडुक्कर मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. पण परवाना असलेली बंदूक किती अल्पभूधारकांकडे असते? केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. महाराष्ट्रानेही निर्णय गावाजवळ आणला पाहिजे.

आणखी एक अन्याय येथे नोंदवला पाहिजे. ज्यांच्या पिढ्यांनी रानाची वाट आणि प्राण्याचा माग ओळखला, त्या पारध्यांवर गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वीस वर्षांनी शिकारबंदी आली आणि त्यांचे उपजीविकेचे साधन गुन्हा ठरले. पर्यायी रोजगार मात्र कोणी दिला नाही. आज शिवारातील डुकरांच्या बंदोबस्तासाठी प्रशिक्षित, पगारी पथके उभारायची असतील तर त्यांत पहिला हक्क पारधी आणि कोरकू तरुणांचा आहे. ॲरिझोनात वाटाड्याला भरघोस मोबदला मिळतो. येथे तेच ज्ञान असणारा माणूस पोलिसांना घाबरून राहतो.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. एकट्या शेताला सौरकुंपण घातले की डुक्कर शेजारच्या, ऐपत नसलेल्याच्या शेतात शिरते. म्हणून मागणी संपूर्ण शिवाराच्या सामुदायिक कुंपणाची आणि जागलीला सार्वजनिक काम मानून मजुरी देण्याची हवी. रानटी प्राण्यांनी केलेले नुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्यात घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांत मोबाइलवरून छायाचित्रांसह कळवावे लागते. ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही, किंवा जो मक्त्याने शेत करतो आणि सातबारावर ज्याचे नाव नाही, त्याचे काय? गावोगाव अशा शेतकऱ्यांच्या नोंदी करणे, अर्ज भरून देणे आणि ग्रामसभेत ठराव करून घेणे हे काम हंगामाआधी झाले पाहिजे.

जंगल सर्वांचे आहे, हे तत्त्व समाजवाद्यांना मान्यच आहे. मग जंगल राखण्याचा खर्चही सर्वांचाच असला पाहिजे. मचाणावर कुडकुडणाऱ्या एका माणसाने तो किती काळ भरत राहायचा?